‘स्वखुशीने’: सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यातलं लसीचं प्रकरण

डिसेंबर 2021 च्या पहिल्या आठवड्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या दारावर नोटीस लागली: ‘कोविड लसीचे दोन्ही डोस घेतल्याशिवाय कोणासही कामावर घेतले जाणार नाही.’ खाली मालकांची सही आणि गोल शिक्का. नोटिशीसोबत लस राहिलेल्या प्रत्येक कामगाराने सही करून द्यायचा एक कागद होता. त्याचं पहिलं वाक्य, ‘मी स्वखुशीने लस घेत आहे.’

नोटीस मी टाइप केली होती. ते वाक्यही माझंच.

मी लहान कारखान्यांची कामगार कायद्याची कागदपत्रं सांभाळतो. पीएफची चलनं, ईएसआयच्या म्हणजे कामगार विम्याच्या नोंदी, फॅक्टरी लायसन्सचं नूतनीकरण, असली कामं. त्या कारखान्याचं नाव आणि माणसांची नावं देत नाही. बाकी जे घडलं ते जसं आठवतं आणि फायलीत आहे तसं मांडतो. त्या वर्षी लसीच्या सक्तीवर इतकं बोललं गेलं की कुठला मुद्दा कुणाचा हेच कळेनासं झालं. एका शेडपुरतं बघितलं तर निदान माणसं तरी दिसतात.

शेड

चोवीस माग, दोन पाळ्या, कांडीवाल्या (आडव्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या), वार्पर (उभं सूत लावणारे), शिलाई-घडीच्या बायका धरून साठेक माणसं. विणकराची मजुरी मालावर. माग चालला तर पैसे, बंद पडला तर नाही. हे नीट लक्षात ठेवावं, पुढचं बरंचसं यावरच फिरतं.

मागाच्या शेडमध्ये कधी उभे राहिला नसाल तर तिथला आवाज सांगून कळणार नाही. माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतात, नाहीतर ओठांकडे बघून समजून घेतात. जुने विणकर तर शेडच्या या टोकाहून त्या टोकाला नुसत्या ओठांवर बोलतात. मास्क आला आणि ओठ झाकले गेले. मग बोलायची वेळ आली की मास्क हनुवटीवर खाली आणि तोंड समोरच्याच्या कानाला. ज्या घडीला मास्क नाकावर हवा, नेमक्या त्याच घडीला तो खाली. त्यात खिडक्या बंद, कारण हवा कोरडी पडली की सुताचे धागे तटातट तुटतात. शेडमध्ये ओल धरून ठेवायची ही पिढ्यांची सवय. साथीच्या दृष्टीने याहून वाईट खोली मुद्दाम बांधायची म्हटली तरी जमणार नाही.

दीड वर्षात या शेडसाठी आम्ही काय केलं होतं? दारावर सॅनिटायझरची बाटली, एक तापमापक बंदूक आणि एक स्टिकर. सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारची ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली होती, तिचा तो स्टिकर.

आदेश

27 नोव्हेंबर 2021 ला राज्य सरकारचा आदेश निघाला. आदल्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाच्या नव्या प्रकाराला ओमिक्रॉन हे नाव दिलं होतं, त्यामुळे वातावरण तापलेलंच होतं. दुकानं, आस्थापना, मॉल, कार्यक्रम, सगळीकडे काम करणारे आणि येणारे पूर्ण लस घेतलेले असावेत. पूर्ण म्हणजे दोन्ही डोस आणि त्यावर 14 दिवस. नियम मोडणाऱ्या माणसाला 500 रुपये दंड, आस्थापनेला 10 हजार. त्याआधी औरंगाबादच्या जिल्हा प्रशासनाने लस नसलेल्यांना पेट्रोल आणि रेशन न देण्याचे आदेश काढले होते, त्याची चर्चा आमच्याकडच्या चहाच्या टपऱ्यांवर रोज होती.

दुसरीकडे केंद्र सरकारची भूमिका पहिल्यापासून एकच: लस ऐच्छिक आहे. म्हणजे दिल्ली म्हणते मर्जी, मुंबई म्हणते दंड, आणि मधे आमचे मालक. त्यांना वाद घालायचा नव्हता, दहा हजार वाचवायचे होते. मला फोन आला, “उद्या सकाळपर्यंत काहीतरी कडक लिहून द्या.”

मी दिलं. आणि कागदी माणसाची हुशारी म्हणून ‘स्वखुशीने’ घातलं. उद्या कुणाला काही झालंच तर मालक मोकळे राहावेत म्हणून.

राहिलेले अकरा

साठातले अकरा जण तेव्हा लसीवाचून होते. नोटीस लागल्यावर चार-पाच दिवसांत नऊ जण निमूट वॉर्डातल्या केंद्रावर जाऊन पहिला डोस घेऊन आले. ते इतके दिवस का गेले नव्हते, हे विचारलं तेव्हा निघालेली कारणं अगदी साधी होती. आधार कार्डावरचा मोबाइल नंबर बंद. केंद्र सकाळी उघडतं तेव्हा पाळी सुरू. ताप आला तर दोन दिवस खाडा. ‘लस-विरोधक’ म्हणावा असा त्यांत एकही नव्हता. ऑक्टोबरात राज्याने ‘मिशन कवच कुंडल’ राबवलं, नोव्हेंबरात केंद्राचं ‘हर घर दस्तक’ आलं, पण यांच्या घरी दस्तक झाली तेव्हा हे कामावर.

दहाव्याने मोबाइलवर प्रमाणपत्र दाखवलं. त्यावरचा क्यूआर कोड तपासायला अर्धा मिनिट लागला असता. मी तपासला नाही. खोटं निघालं असतं तर काय करायचं, हे मला सुचलं नसतं.

उरला अकरावा.

विणकर

वय अडतीस, या शेडमध्ये सोळा वर्षं. राहायला विडी घरकुल या वसाहतीत. बायको घरी विड्या वळते, तिने दोन्ही डोस केव्हाच घेतलेले. घरात म्हातारी आई, तिच्या दंडावर देवी टोचल्याचे दोन गोल वण. स्वतःच्या दोन्ही पोरांना पोलिओच्या प्रत्येक रविवारी बूथवर नेलेला माणूस. त्याला लसच नको होती असं कुणी म्हणत असेल तर ते चूक.

त्याचा थोरला भाऊ, तो ‘अन्ना’ म्हणतो तो, सत्तेचाळीस वर्षांचा. एप्रिल 2021 मध्ये 45 वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली तेव्हा अन्ना रांगेत उभा राहिला. लस घेतल्यावर तिसऱ्या दिवशी ताप, आठवड्याने खाट, आणि ऑक्सिजनसाठी धावाधाव करता करता गेला. दुसरी लाट ज्यांनी बघितली त्यांना पुढचं सांगायला नको.

“मला कळतंय ओ साहेब, लसीनं नाही मेला. कळतंय. पण सुई बघितली की अन्ना दिसतोय.”

मी म्हणालो, “सही तर कर, मग बघू.”

त्याने कागद हातात घेतला. तेलुगू शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, मराठी सावकाश वाचतो. वाचून झाल्यावर बोट त्या शब्दावर ठेवलं.

“हे म्हणतंय स्वखुशीने. दारावरचं म्हणतंय घेतली नाही तर काम नाही. मग खुशी कुणाची?”

मी हसून टाळलं. तो हसला नाही. म्हणाला, “मालक लिहून देतात का, आमच्या नोटिशीमुळं घेतली म्हणून? मग आत्ता जातो.”

मालकांनी लिहून द्यायला नकार दिला. तेही मी सांगितलं म्हणूनच. दुसऱ्या दिवसापासून विणकर घरी. नऊ दिवस.

अक्का

आता या प्रकरणात एवढाच भाग असता तर सोपं होतं. गरीब विणकर, कडक मालक, लबाड सल्लागार. पण कांड्या भरणारी एक बाई आहे, सगळे तिला अक्का म्हणतात. वय छप्पन्न, साखर तीनशेच्या आसपास, दोन्ही डोस घेतलेले. विणकराच्या मागाला कांड्या तीच नेऊन देते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विणकराच्या बाजूने दोघं-तिघं बोलायला लागले तेव्हा ती मधेच म्हणाली:

“त्याचं त्यानं बघावं, मान्य. पण तो माझ्या कानात ओरडतो की. त्याला भीती वाटते म्हणून मी किती दिवस भ्यायचं?”

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. आपलं शरीर आपल्या मालकीचं, हे खरंच. पण श्वास सोडला की तो आपल्या मालकीचा राहत नाही, विशेषतः बंद खिडक्यांच्या शेडमध्ये. वैयक्तिक जबाबदारीच्या सगळ्या भाषणांत अक्का गैरहजर असते. ज्याला निवडायचं स्वातंत्र्य हवं तो बोलतो, त्याच्या निवडीच्या शेजारी बसून कांड्या भरणारीला कुणी विचारत नाही.

हिशेब

मालकांच्या केबिनमध्ये बैठक झाली. मालक, मुकादम, विणकर, अक्का, मी, आणि घरकुलाजवळ दवाखाना चालवणारे एक डॉक्टर. डॉक्टरांना मुकादमाने आणलं होतं आणि ती या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट होती.

डॉक्टरांनी अन्नाच्या तारखा विचारल्या आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडल्या. कोरोना अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण दोन ते चौदा दिवस जातात. लसीची ताकद यायला पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवडे लागतात. ताप तिसऱ्या दिवशी आला, म्हणजे लागण लसीच्या आधीची किंवा त्याच दिवसाची. लस पोचायच्या आधीच आजार पोचला होता.

विणकर बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, “म्हणजे रांगेतच लागला असेल. एवढी रांग लावली कुणी?”

डॉक्टर गप्प बसले. उगाच समजूत काढली नाही, हे मला आवडलं. विणकरही नंतर थोडा सैल झाल्यासारखा वाटला. आपलं बोलणं कुणी खोडून काढलं नाही, याचा तो परिणाम असेल.

मग पैशाचा विषय निघाला, आणि इथे माझी मला लाज वाटली. लशीनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी हे सर्रास होतं. मालावर मजुरी असणाऱ्याचे ते दोन दिवस बुडतात. मालक म्हणाले, ईएसआय आहे की. मी ईएसआयचेच कागद करून पोट भरतो, तेव्हा मला माहीत होतं: आजारपणाच्या भत्त्यात पहिले दोन दिवस धरतच नाहीत, भत्ता तिसऱ्या दिवसापासून. लसीचा ताप नेमका त्या दोन दिवसांत बसतो. म्हणजे ज्या दिवसांसाठी मदत हवी तेच दिवस कायद्याच्या बाहेर. हे मला नोटीस टाइप करतानाही माहीत होतं. सुचलं नाही, कारण कुणी विचारलं नव्हतं.

अकरा जणांची दोन दिवसांची मजुरी काढून बघितली. दहा हजारांच्या जवळपास निघाली. एका दंडाएवढी! हाच आकडा पहिल्या दिवशी काढला असता तर नोटिशीची भाषा बदलली असती, आणि आधीच्या सहा महिन्यांतच निम्मे लोक आपणहून जाऊन आले असते, असं माझं मत आहे. ज्याला जबाबदारी म्हणतो ती पार पाडायचा खर्च आपण कुणाच्या खिशातून काढतोय, हे कुणी बघतच नव्हतं. मालकाला लस घेऊन दोन दिवस झोपता येतं. विणकराला झोपता येत नाही. दोघांना एकच ‘माझी जबाबदारी’चा स्टिकर.

ठरलं ते असं. माझा कागद रद्द. नव्या कागदावर ‘स्वखुशीने’ ऐवजी ‘कारखान्याच्या सूचनेवरून’. लस घेणाऱ्याला दोन दिवसांची मजुरी. ताप लांबला तर दवाखान्याचा खर्च कारखान्याचा. मालकांनी सही करायला वीस मिनिटं लावली. विणकराने लस घेईपर्यंत दाराजवळच्या टोकाच्या मागावर काम करायचं, त्या बाजूच्या दोन खिडक्या उघड्या, धागे तुटले तर तुटले. अक्काने कांड्यांची पाटी मधल्या स्टुलावर ठेवून यायचं. आणि कानात ओरडायचं नाही, बोलवायचं झालं तर मोबाइलचा टॉर्च लावून हलवायचा. ही टॉर्चची कल्पना अक्काची. साथ येऊन पावणेदोन वर्षं होऊन गेल्यावर आम्हाला ती सुचली.

सरकारी आदेशाच्या चौकटीत हे बसत नव्हतं. लस न घेतलेल्या माणसाला कामावर घेणं म्हणजे दंडाला निमंत्रण. मालकांनी तेवढा धोका पत्करला, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

विणकराने चार दिवसांनी, 14 डिसेंबरला, कोविशील्डचा पहिला डोस घेतला. बायको सोबत गेली होती. एक रात्र ताप आला. तिसऱ्या दिवशी मागावर.

84 दिवस

यातली सगळ्यात हास्यास्पद गोष्ट माझ्या लक्षात लस घेऊन झाल्यावर आली. कोविशील्डच्या दोन डोसांत मे 2021 पासून 12 ते 16 आठवड्यांचं अंतर सक्तीचं होतं, म्हणजे किमान 84 दिवस. 14 डिसेंबरला पहिला डोस, तर दुसरा 8 मार्चला. त्यावर 14 दिवस, म्हणजे 22 मार्च. माझी नोटीस म्हणत होती ‘दोन्ही डोस घेतल्याशिवाय कामावर नाही’. नोटीस लागल्यावर धावत जाऊन पहिली सुई टोचून घेतली तरी तो माणूस मार्चआधी पात्र होऊच शकत नव्हता. जे नऊ जण निमूट जाऊन आले, त्यांनाही नोटिशीनुसार तीनेक महिने घरी बसायला हवं होतं. आम्ही त्यांना आत घेतलं, कारण त्यांनी सही केली होती. विणकराला बाहेर ठेवलं ते त्याने शब्दावर बोट ठेवलं म्हणून. नियमाच्या दृष्टीने त्या नऊ जणांत आणि त्याच्यात तसा काही फरक नव्हता.

राज्यातले सगळे निर्बंध 1 एप्रिल 2022 पासून उठले. नोव्हेंबरच्या आदेशाच्या हिशेबाने आमचा विणकर जेमतेम दहा दिवस कायदेशीर विणकर होता.

मधे जानेवारीत तिसरी लाट येऊन गेली. गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, त्याही वर्षी भरला नाही. कारखान्यात मुकादम, अक्का, मी, लस घेतलेले आणखी काही जण तापाने पडलो, सुदैवाने कुणाला दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. विणकराला काही झालं नाही. यावरून लगेच कुणी निष्कर्ष काढू नये, एका शेडवरून विज्ञान होत नाही. पण लस घेतलेला माणूस पसरवत नाही, ही आमची भाबडी समजूत मात्र तेव्हा गेली.

न्यायालय काय म्हणालं

2 मे 2022 ला लसीच्या सक्तीवरच्या जेकब पुलियेल खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. बी. आर. गवई यांचं पीठ. शरीरावरचा हक्क घटनेच्या अनुच्छेद 21 मध्ये येतो, कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीवर बंधनं घालू शकतं, फक्त ती कायद्याला धरून, खऱ्या गरजेपोटी आणि गरजेच्या प्रमाणात हवीत. लस न घेतलेल्यांकडून घेतलेल्यांपेक्षा जास्त संसर्ग पसरतो असं दाखवणारी माहिती न्यायालयापुढे आली नाही, म्हणून त्या वेळच्या परिस्थितीत राज्यांची बंधनं प्रमाणाबाहेर ठरली. केंद्राचं लसीकरणाचं धोरण मात्र न्यायालयाने योग्य ठरवलं, आणि लसीनंतरच्या दुष्परिणामांच्या नोंदी लोकांना आणि खासगी डॉक्टरांनाही करता याव्यात, असंही सांगितलं.

निकाल वाचून मला विणकर बरोबर होता असं वाटलं, आणि अक्का चूक होती असं वाटलं नाही. दोन्ही एकदम कसं, ते सांगतो.

देवीच्या लसीने साखळीच तोडली. 1880 च्या कायद्याने इंग्रज सरकारने ठरावीक भागांत ती सक्तीची केली, लोकांनी खूप शिव्या घातल्या, पण 1975 नंतर भारतात देवीचा रुग्ण नाही. अमेरिकेत 1905 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने देवीच्या लसीची सक्ती उचलून धरली, तीही पाच डॉलरच्या दंडापुरती. धरून टोचायची परवानगी त्यात कुणी मागितली नव्हती. अशा लशीबाबत ‘शेजाऱ्यासाठी घे’ म्हणण्यात दम आहे. कोविडच्या लसीने मरणाचा आणि गंभीर आजाराचा धोका खूप कमी केला, पण पसरणं तेवढं थांबवलं नाही, आणि जे थांबवलं तेही महिन्यांगणिक ओसरत गेलं. म्हणजे डिसेंबर 2021 मध्ये ‘स्वतःसाठी घे’ हा सल्ला भक्कम होता, ‘शेजाऱ्यासाठी घे, नाहीतर उपाशी राहा’ ही सक्ती तशी भक्कम नव्हती. अक्काला खरं संरक्षण तिच्या स्वतःच्या दोन डोसांनी, दोन उघड्या खिडक्यांनी आणि टॉर्चने दिलं. तिची मागणी रास्त होती. आम्ही तिला उत्तर म्हणून विणकराचा दंड सुईसाठी पुढे केला, कारण खिडकी उघडण्यापेक्षा ते स्वस्त होतं.

एका बाबतीत मात्र निकालाचा भर मला अपुरा वाटतो. पसरण्याचा मुद्दा सोडला तरी खाटांचा मुद्दा उरतो. एप्रिल 2021 मध्ये ऑक्सिजनच्या खाटेवर एक माणूस म्हणजे दारात ताटकळणारा दुसरा. गंभीर आजारी पडणं ही तेव्हा नुसती खासगी गोष्ट नव्हती. हे अन्नाच्या भावाइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याच्याशी या मुद्द्यावर बोलायला हवं होतं, त्याने ऐकलं असतं. आम्ही बोललो ते नोटिशीतून.

फाइल

जुने नऊ कागद माझ्या कपाटात आहेत, ‘स्वखुशीने’ आणि खाली सह्या, दोन अंगठे. दहावा विणकराचा. त्यावर तो शब्द पेनाने खोडलेला, बाजूला तेलुगूत सही. नव्या कागदाची झेरॉक्स त्याने मागून घेतली, ती त्याच्या घरी आईच्या पेटीत आहे म्हणे.

नऊ दिवसांची मजुरी राहिली ती राहिलीच. बैठकीत तो विषय निघाला तेव्हा ‘नंतर बघू’ म्हणून पुढे गेलो होतो. निकालानंतर मी मालकांकडे दोनदा बोललो. दुसऱ्या वेळी त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे विचारलं, “नोटीस तुम्हीच लिहिली होती ना?”